वेलांटीकाकांची हरकत

इमारतीच्या फाटकावर चिकटवलेल्या त्या कागदात एकूण सात चुका होत्या. 'सुनावणी'तला सु दीर्घ होता, 'परिसर'मधला रि दीर्घ होता, 'नियोजित'मधल्या जिची तीच गत होती आणि 'रहिवासी' हा शब्द तर लिहिणाऱ्याने डोळे मिटून लिहिला असावा. वेलांटीकाकांनी खिशातलं लाल पेन काढून सातही चुका जागच्या जागी दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या आणि समाधानाने दुधाची पिशवी घेऊन ते वर आले. कागद कशाबद्दल होता, असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा त्यांना ते आठवेना.

यात काकांचा दोष नव्हता. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस अक्षरं वाचतो. तो अर्थ वाचायला लागला की चुका निसटतात, हे त्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. काकांनी या पद्धतीने दोन शब्दकोश, औषधांची एक भलीमोठी सूची आणि अठ्ठेचाळीस कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि त्यातली एकही कादंबरी कशाबद्दल आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. वेलांटीकाका हे नाव इमारतीने ठेवलेलं. सिस्टर म्हणजे त्यांची बायको. ती इस्पितळात परिचारिका असल्यामुळे सगळी इमारत तिला सिस्टर म्हणे, आणि चारचौघांत काकाही तिला सिस्टरच म्हणत. त्यात काही चुकतंय हे इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कागद कशाबद्दल होता ते अर्ध्या तासाने इमारतीच्या सेक्रेटरींनी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगितलं. इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे विमानतळ आहे. मोठा विमानतळ नव्हे, तो शहराबाहेर. हा छोट्या खासगी विमानांचा, चार खुर्च्यांच्या नाहीतर सहा खुर्च्यांच्या. कारखानदार, सर्जन, उडायला शिकणारी श्रीमंतांची मुलं असे सगळे तिथून उडतात. पूर्वी तो गावाबाहेर होता म्हणे. शहर वाढत वाढत त्याला चारी बाजूंनी येऊन भिडलं. दर तीन-चार मिनिटांनी एक विमान गच्चीवरून जाई, तेही इतकं खालून की पोटावरचा नंबर वाचता यावा. एका विमानाच्या नंबरातला आठ उलटा रंगवला आहे, हे काकांनी एकदा पत्र लिहून विमानतळाला कळवलंही होतं. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

तर आता या विमानतळाला इंजिनं तपासण्यासाठी एक नवा चौथरा बांधायचा होता. दुरुस्त झालेलं विमान त्या चौथऱ्यावर बांधून ठेवायचं आणि त्याचं इंजिन अर्धा तास पूर्ण जोरात चालवून बघायचं. रोज सकाळी आठ ते दुपारी एक. जागा इमारतीच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर, म्हणजे काकांच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर खाली. ज्यांना हरकत असेल त्यांनी मंगळवारी अकरा वाजता सुनावणीला यावं. हरकत न आल्यास काम लगेच सुरू होईल.

काका मट्‌कन खुर्चीत बसले. आपण हे सगळं शुद्ध करून आलो, या विचाराने त्यांना जास्तच धक्का बसला.

सिस्टर एकोणीस वर्षं रात्रपाळी करत होत्या. सकाळी साडेआठला घरी यायचं, नऊला झोपायचं, दोनला उठायचं. खिडकीला जाड चादर लावलेली असे. डोक्यावरून विमानं जात असताना ही बाई झोपते कशी, हे इमारतीला पडलेलं कोडं होतं. त्याचा उलगडा सिस्टरनी त्या दिवशी पहिल्यांदा केला. हातातला डबा घासता घासता, काकांकडे न बघता त्या म्हणाल्या, "जाणाऱ्या आवाजाला मी झोपते. येतो तसा जातो. उभ्या आवाजाला नाही झोपता येणार मला." मग डबा उपडा ठेवून म्हणाल्या, "एवढं एक काम नीट करून या."

सिस्टर कधी काही मागत नसत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि काकांना त्यांची अशी दुसरी मागणी आठवेना.

संध्याकाळी जिन्यातच सभा भरली. मंगळवारी छापखान्याला सुट्टी असते आणि काकांची भाषा शुद्ध आहे, या दोन कारणांवरून इमारतीच्या वतीने काकांनीच जावं असं एकमताने ठरलं. एकमत व्हायला दोन मिनिटं लागली, कारण बाकी कोणालाच रजा काढायची नव्हती. मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं होतं, आणि त्या जोरावर ते कोणालाही कायदा सांगत. त्यांनी बजावलं की सुनावणीत फालतू शब्द बोलायचा नाही, तोंडातून पडेल तो शब्द टाइप होतो. तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंची तक्रार वेगळीच होती. त्यांच्या मते विमानांचा सूर किंचित उतरलेला असतो, आणि शिकायला येणारी मुलं त्यांना सोडून विमानाला धरून गातात. येणारं-जाणारं विमान त्या कसंबसं सहन करत होत्या. अर्धा अर्धा तास एकाच जागी बेसूर लागून राहिलेलं विमान त्यांना चालणार नव्हतं. हेही सांगा, म्हणाल्या. सेक्रेटरींनी सांगितलं की काही झालं तरी फाइल न्या, कोरी असली तरी चालेल, हातात फाइल असलेल्या माणसाला बसायला सांगतात.

एवढ्या सल्ल्यांत, जो सल्ला द्यायला हवा होता तो कोणालाच सुचला नाही. काकांना एक पालुपद होतं. ते इतकं जुनं होतं की आता कोणाच्या कानाला ते लागत नसे. शिंप्याने सदऱ्याची एक बाही आखूड केली, काका म्हणाले, हरकत नाही. मालकांनी पगारवाढ पुढच्या वर्षावर ढकलली, हरकत नाही. दाताच्या डॉक्टरने किडलेली सोडून शेजारची दाढ काढली, तेव्हा तोंडात बोळा असताना काका जे काही पुटपुटले तेही हेच असावं. या माणसाला आम्ही हरकत घ्यायला पाठवत होतो, असं कोर्टवाले आजोबा पुढे कपाळावर हात मारून म्हणाले. पण ते पुढे.

मंगळवारी काका पावणेअकराला विमानतळाच्या कचेरीत हजर झाले. काखेत फाइल, फाइलमध्ये दोन पानांचं निवेदन. त्या निवेदनात शोधूनही चूक सापडली नसती. सुनावणी घेणारे अधिकारी भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी त्यांच्यापुढे वेगवेगळ्या गोष्टींच्या अकरा सुनावण्या होत्या. कोपऱ्यात एक टायपिस्ट बाई बसल्या होत्या, आणि आजोबांनी सांगितलं होतं तसंच, कानावर पडेल ते त्या टाइप करत होत्या.

अधिकाऱ्यांनी आधी तासभर उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. काका म्हणाले, हरकत नाही. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, सांभाळून बसा, असं शिपाई म्हणाला. हरकत नाही. चहा आला, त्यात साखर नव्हती. हरकत नाही. तेवढ्यात एक विमान खिडकीला खेटून गेलं, काचा खडखडल्या, आणि खिडकी लावली तर उकडेल, चालेल का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. काका उदारपणे म्हणाले, हरकत नाही. मग काकांनी निवेदन पुढे केलं, ते अधिकाऱ्यांनी अदबीने घेऊन, न उघडताच फाइलला लावलं. शेवटी ते कागदावर बोट ठेवून काहीतरी बोलू लागले आणि नेमकं दुसरं विमान आलं. काकांना फक्त "...चाळीस पावलांवर..." आणि "...ना?" एवढंच ऐकू आलं. अधिकाऱ्यांचा हात काकांच्या खिशातल्या लाल पेनाच्या दिशेने होता. पेन मागतायत, असं काकांना वाटलं.

"हरकत नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी पेन दिलं.

नोंद टाइप होऊन समोर आली तेव्हा मात्र काका खुलले. दीड पानात अकरा चुका. एवढं सुपीक रान त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. त्यांनी पेन परत मागून घेतलं, अकराही चुका दुरुस्त केल्या, प्रत्येक दुरुस्तीशेजारी छोटी सही केली आणि खाली मोठी सही ठोकली. अधिकारी म्हणाले की इतक्या बारकाईने नोंद वाचणारा माणूस आपल्या नोकरीत पहिल्यांदा पाहिला. टायपिस्ट बाईंनीही मान डोलावली. काका घरी आले ते तरंगतच. काम कसं झालं, असं सिस्टरनी विचारलं. चोख, असं काकांनी सांगितलं.

चार दिवसांनी फाटकावर नवा कागद लागला. काका दूध घेऊन येत होते. कागदाभोवती सात-आठ माणसं उभी होती. काकांनी वाट काढून पेन सरसावलं आणि वरपासून खालपर्यंत कागद तपासला. एकही चूक नव्हती. आपलीच दुरुस्त केलेली नोंद इतकी स्वच्छ टाइप झालेली बघून त्यांना भरून आलं. असं काम हल्ली होत नाही, असं ते कौतुकाने म्हणालेही.

मागून सेक्रेटरींचा आवाज आला, अगदी हळू. "काका, अर्थ वाचा."

काकांनी अर्थ वाचला. उपस्थित एकमेव रहिवाशाने, इमारतीच्या वतीने, नियोजित चौथऱ्याबाबत 'हरकत नाही' असे पाच वेळा स्पष्टपणे सांगितले. नोंद त्यांनी स्वतः बारकाईने वाचून, अकरा ठिकाणी दुरुस्त करून, मान्य करून सही केली. सबब चौथऱ्याचे काम सोमवारपासून सुरू करण्यात येत आहे.

काकांच्या हातातली पिशवी खाली पडली. दूध पायरीपायरीने वाहत गेलं आणि त्याकडे कोणीच लक्ष दिलं नाही. सगळे काकांकडे बघत होते आणि काका कागदाकडे. तोंड उघडलेलं होतं पण शब्द फुटत नव्हता, आणि ते बरंच झालं, कारण फुटला असता तर तो कोणता असता याचा नेम नव्हता.

सिस्टर ड्यूटीवरून आल्या आणि त्यांनीही तो कागद वाचला. काकांना वाटलं, आता ही आदळआपट करील. त्यांची तशी इच्छाच होती. सिस्टरनी चप्पल काढली, हातपाय धुतले, पर्समधून कापसाची गुंडाळी काढली, कानांत बोळे घातले आणि त्या आत जाऊन झोपल्या. आता सवय करून घ्यायला हवी, एवढंच म्हणाल्या. बोळ्यांमुळे घड्याळाचा गजर ऐकू आला नाही आणि त्या कामाला तासभर उशिरा पोचल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मेट्रनने बोलावून घेतलं, असं काकांना दुसरीकडून कळलं.

इमारतीतही काकांची पत पार गेली. फाटकाशी ते दिसले की बोलणी थांबत. गाणंवाल्या बाईंनी जिन्यात त्यांना बघून दार लावून घेतलं, आणि दाराआडून मुलांचा सूर किंचित उतरल्यासारखा वाटला. एवढा अपमान काकांचा दाढेच्या वेळीही झाला नव्हता. एकटे कोर्टवाले आजोबा तेवढे उत्साहात होते. असा घोळ कोर्टातही बघितला नाही, असं म्हणून त्यांनी सांगितलं की नोंदीत चूक असेल तर सात दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पाच दिवस संपले होते.

सहाव्या दिवशी काका छापखान्यातून रजा काढून त्याच कचेरीतल्या दुरुस्तीच्या खिडकीशी उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने नियम वाचून दाखवला. नोंदीतली फक्त लेखनाची चूक दुरुस्त होते, अर्थ बदलता येत नाही. काकांनी धीर एकवटून सांगितलं की ही लेखनाचीच चूक आहे. मूळ शब्द 'आहे' असा होता, टाइप होताना 'नाही' झाला.

"पाचही ठिकाणी?" कारकुनाने विचारलं.

काका म्हणाले, हो.

"आणि तुम्ही अकरा चुका काढल्यात, त्यात या पाच तुम्हाला दिसल्या नाहीत?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला खिडकीच्या अलीकडे उभं राहणं किती जड जातं, हे काकांना त्या दिवशी समजलं. कारकुनाला त्यांची दया आली असावी. त्याने आणखी एक नियम शोधून काढला. समोरच्या पक्षाचं पत्र आणलं तर नोंद पुन्हा उघडता येते. म्हणजे तुमच्या हरकतीला विमानतळाची हरकत नाही, असं त्यांच्या व्यवस्थापकांचं ना-हरकत पत्र. ते वाक्य काकांनी दोनदा म्हणवून घेतलं, मग एका कागदावर लिहून घेतलं, आणि सवयीने त्यात चूक आहे का तेही बघितलं.

विमानतळाचे व्यवस्थापक काकांना बघून उठून उभे राहिले. खोली काचेची, समोर धावपट्टी, आणि एक विमान उतरतंय तोवर दुसरं रांगेत, तिसरं वर घिरट्या घालतंय असा सगळा गजबजाट. व्यवस्थापकांच्या टेबलावरच्या काचेखाली काकांची ती नोंद ठेवलेली होती. सोळा वर्षं आपण इथे आहोत, त्यांनी सांगितलं, आणि सोळा वर्षं आजूबाजूच्या इमारतींकडून आपल्याला फक्त शिव्या आल्या. एक पत्र तर आठ उलटा आहे म्हणून आलं होतं. आणि मग तुम्ही आलात. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. तो कागद लागल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याशी आदराने वागत होतं, त्यामुळे पत्राचा विषय काढायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी चहा घेतला. त्याला साखर होती.

व्यवस्थापकांना एकाएकी कल्पना सुचली. आमच्या शिक्षिका बाई आत्ताच एक फेरी मारायला निघाल्यात, एक जागा रिकामी आहे, चौथऱ्याची जागा तुम्हाला वरूनच दाखवतात. चला.

काकांनी तोंड उघडलं. "हरकत–" एवढं बोलून त्यांनी जन्मात पहिल्यांदा पुढचा शब्द गिळला. पण व्यवस्थापकांनी तो मनातल्या मनात पुरा करून घेतला होता आणि ते काकांना दंडाला धरून बाहेर घेऊन निघालेही होते.

काका याआधी विमानात बसले नव्हते. हे विमान तर रिक्षाएवढं होतं. दाराला कपाटासारखी कडी होती आणि ती काकांनाच लावायला सांगण्यात आली. शिक्षिका बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, ऐसपैस बोलणाऱ्या. बावीस वर्षं आपण लोकांना उडायला शिकवतो, त्या म्हणाल्या, आणि कानांवर हे चढवा म्हणजे माझं बोलणं ऐकू येईल. कशाला हात लावू नका.

विमान धावायला लागलं तेव्हा काकांनी डोळे मिटले. जमीन सुटली ते त्यांना पोटात कळलं. हातांना आधार हवा होता, आणि समोर गुंडाळलेल्या वायरीला लोंबकळणारी एक काळी मूठ होती. ती त्यांनी गच्च धरली. जी धरली ती सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

"डोळे उघडा आता," बाई म्हणाल्या. "खाली बघा. ती तुमची इमारत ना?"

काकांनी डोळे उघडले. खाली इमारत काडेपेटीएवढी दिसत होती. गच्चीवरची टाकी, मागची भिंत, भिंतीपलीकडे चुन्याने आखलेला चौकोन. आणि सगळ्या खिडक्या उघड्या असताना, तिसऱ्या मजल्यावरची एकच खिडकी जाड चादरीने बंद केलेली. सकाळचे दहा वाजले होते. त्या चादरीच्या आत सिस्टर कानांत बोळे घालून झोपल्या होत्या, आणि चुन्याचा तो चौकोन त्यांच्या उशापासून इतका जवळ होता की काकांनी ती मूठ आणखी घट्ट आवळली. चाळीस पावलं हे त्यांनी नुसतं वाचलं होतं. त्यातल्या पावलांचं शुद्धलेखन बरोबर होतं.

"तुम्हीच ना ते, हरकत नाहीवाले?" बाईंनी हसत विचारलं.

"हरकत आहे," काका म्हणाले.

एकदा आलेला तो शब्द मग थांबेना. "हरकत आहे माझी. पहिल्यापासून आहे. मी चहाला हरकत नाही म्हणालो, खुर्चीला म्हणालो, खिडकीला म्हणालो. माझी बायको तिथे झोपते हो. ती रात्रभर दुसऱ्यांच्या आजारी माणसांपाशी उभी असते आणि सकाळी येऊन तिथे झोपते. तिने मला एक काम सांगितलं आणि मी तिथे जाऊन वेलांट्या सुधारत बसलो." ते बोलत राहिले. शिंप्याची बाही निघाली, पगारवाढ निघाली, शेजारची दाढ निघाली. एकतीस वर्षं आणि सव्वीस वर्षं यांच्यातली झाडून सगळी हरकत काकांनी त्या रिक्षाएवढ्या विमानात बाहेर काढली. गाणंवाल्या बाईंचा बेसूरही सांगायचा राहिला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बाई सुरुवातीला मान डोलावत ऐकत होत्या. मग त्यांनी कपाळाला आठ्या घालून यंत्राची एक कळ फिरवली, दुसरी फिरवली, बाहेर बघितलं. आकाशात ठिकठिकाणी विमानं घिरट्या घालत होती. एक, दोन, पाच, नऊ. एकही उतरत नव्हतं, खालून एकही उडत नव्हतं.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हातात काय धरलंय तुम्ही?"

काकांनी हाताकडे बघितलं. ती मूठ म्हणजे माइक होता. अंगठ्याखाली बटण होतं. ते दाबलेलं असेपर्यंत आपला आवाज विमानांना वाट देणाऱ्या मनोऱ्यात आणि हवेतल्या प्रत्येक विमानात ऐकू जातो, आणि दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही, हे बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. ते अकरा मिनिटं दाबलेलं होतं. अकरा मिनिटं शहरातला सगळ्यात गजबजलेला छोटा विमानतळ ठप्प होता आणि अर्ध्या शहरातले कारखानदार आणि सर्जन काकांच्या दाढेची हकिकत ऐकत होते.

काकांनी मूठ सोडली. कानात खरखर झाली आणि मनोऱ्यातला माणूस म्हणाला, "बटण सोडल्याबद्दल आभार. सगळं नोंदवलं गेलं आहे." मग कुठल्यातरी विमानातून एक घोगरा आवाज आला की त्या बाईंना झोपू द्या, आपलीही हरकत आहे.

काका खाली उतरले. व्यवस्थापकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी काकांना ओरडायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मनोऱ्यातलं सगळं बोलणं टेपवर उतरतं, ते शेवटी म्हणाले, आणि विमानतळ बंद पडला की ती टेप वरच्या कचेरीत जाते. कोणालाही खोडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. तारीख, वेळ आणि सेकंदासकट हरकत नोंदली गेलेली आहे, अकरा मिनिटांची. आता त्या जागेवर चौथरा बांधायच्या कागदावर सही करायला कोणी माणूस मिळणार नाही. तो विमानं ठेवायच्या जुन्या हँगरमागे न्यावा लागेल, तिकडे कोणी राहत नाही. एवढं बोलून त्यांनी टेबलाच्या काचेखालची नोंद काढून काकांच्या हातात दिली आणि खोलीचं दार उघडून धरलं.

काका जवळजवळ धावतच घरी आले. सिस्टर झोपलेल्या असणार, म्हणून त्यांनी कुलूप आवाज न करता उघडलं. सिस्टर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, केस विस्कटलेले, कानांतले बोळे टेबलावर.

"काय झालं हो?" त्या घाबरून म्हणाल्या. "एकही विमान जाईना. इतकं शांत झालं की मी दचकून उठले. मला वाटलं कुठे पडलं की काय एखादं."

काकांनी सगळं सांगितलं. चौथरा हँगरमागे जातोय, हे सगळ्यात आधी सांगितलं, मग बाकीचं. सिस्टर ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. मूठ सोडल्याचं ऐकल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"काय म्हणालात नक्की? माझ्याबद्दल?"

"हरकत आहे म्हणालो."

सिस्टरनी टेबलावरचे बोळे उचलून कचऱ्यात टाकले. मग त्या म्हणाल्या की परवा मेट्रनने बोलावलं होतं ते रागवायला नाही. दिवसपाळीत एक जागा झाली आहे, घेतेस का, असं विचारायला. त्यांनी विचार करून सांगते असं म्हटलं होतं.

काकांच्या ओठांवर ते दोन शब्द येऊन उभे राहिले होते. समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं आणि या वेळी अर्थ वाचला.

"घे," ते म्हणाले. "मला तू रात्री घरी हवी आहेस. पहिल्यापासूनच हवी होतीस."

सिस्टरनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की काकांना पुन्हा जमीन सुटल्यासारखं वाटलं.

"एकोणीस वर्षांपूर्वी रात्रपाळीचा कागद घेऊन मी इथेच, या दारात उभी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमची मुद्रितं वाचत होतात. घेऊ का, म्हणून विचारलं. तुम्ही नको म्हणावं म्हणून विचारलं होतं. तुम्ही मान वर न करता काय म्हणालात, ते तुम्हाला ठाऊक आहे."

काकांना ठाऊक होतं. ते खाली बसले. सिस्टरनी पदराने डोळे पुसले, मग त्यांना हसू यायला लागलं आणि आवरेना.

"तेव्हाच हरकत घेतली असतीत," त्या म्हणाल्या, "तर विमानतळ बंद पाडायची पाळी आली नसती."